मेंदूवरील शस्त्रक्रिया आणि घरची शुश्रूषा

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव होतो, नवविवाहितांचे अभीष्टचिंतन होते आणि दिवंगतांस आदरांजली वाहिली जाते. याखेरीज ज्ञातीत आणखी एक वर्ग असतो. तो संमेलनास येऊ शकत नाही, म्हणून त्याचा उल्लेखही होत नाही. मृत्यूच्या दारातून परत आलेला परंतु पूर्वीच्या आयुष्यात अद्याप न पोहोचलेला माणूस, आणि त्याच्या उशाशी बसलेला त्याचा जोडीदार, असा हा वर्ग होय. कार्यकारी मंडळाने आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा याच वर्गाविषयी बोलावे असे आम्ही ठरविले.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. मेंदूवरील तातडीची शस्त्रक्रिया काही तासांत पुरी होते, परंतु तिचे फळ पदरात पडावयास घरातील वर्ष-दोन वर्षे खर्ची पडतात; आणि ही शुश्रूषा एकट्या पतीने किंवा एकट्या पत्नीने वाहावयाचा भार नव्हे. तीत गणगोताचा वाटा असला पाहिजे.

हा प्रश्न आपल्या पणजोबांच्या काळी फारसा उद्भवत नसे. डोक्यात रक्तस्राव झाला की बहुधा सारे तेथेच संपत असे. आपल्या देशात या शस्त्रक्रियांचा स्वतंत्र विभाग १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. जेकब चँडी यांनी सुरू केला. पाठोपाठ मद्रासेत डॉ. बी. राममूर्ती यांनी आणि मुंबईत डॉ. राम गिंडे व डॉ. होमी दस्तूर यांनी हे शास्त्र रुजविले. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सी. टी. स्कॅन काढला गेला आणि कवटी न उघडता आतील रक्ताची गाठ दिसू लागली. या शोधाबद्दल १९७९ साली हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांस नोबेल पारितोषिक मिळाले. आज मोटारसायकलवरून पडलेला तरुण, न्हाणीघरात घसरलेले आजोबा, रक्तदाबाने कोसळलेला कर्ता पुरुष यांपैकी कितीतरी जण शस्त्रक्रियेमुळे जिवंत घरी येतात. विज्ञानाने माणूस वाचविला. त्याला पुन्हा उभे करण्याची जबाबदारी मात्र घरावर येऊन पडली आणि त्या कामाची तालीम घरास कोणी दिलेली नाही.

या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार वैद्याचा नाही, घरच्या माणसाचा आहे. २०२२ साली दिवाळीनंतर आमच्या सहधर्मचारिणीच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिनीवरील फुगा फुटला. त्याच रात्री कवटी उघडून त्या फुग्याच्या मुळाशी क्लिप बसविण्यात आली. ईश्वरकृपेने आणि डॉक्टरांच्या कौशल्याने त्या वाचल्या. पुढे सांगितलेल्या गोष्टींपैकी काही त्या काळात पाहिलेल्या आहेत, काही डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांच्याकडून शिकलेल्या आहेत. प्रत्येकाचे दुखणे निराळे असते. म्हणून आपल्या डॉक्टरांचा शब्द तोच अखेरचा मानावा, ही विनंती प्रथमच करून ठेवतो.

रुग्ण घरी यावयाच्या आधी डिस्चार्ज कार्ड समजावून घ्यावे. कोणते औषध कशासाठी, किती दिवस, आणि एखादी वेळ चुकली तर काय करावे, हे विचारून मराठीत लिहून घ्यावे. औषधांचा तक्ता भिंतीवर लावून प्रत्येक गोळीपुढे खूण करावी; म्हणजे "दिली की नाही" हा वाद उरत नाही. यांत सर्वांत जपावयाचे औषध म्हणजे फिट येऊ नये म्हणून दिलेले. महिनाभर फिट आली नाही म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. अशी औषधे एकाएकी थांबविल्यास फिट येण्याचा धोका वाढतो. डोके दुखते म्हणून दुकानातून परस्पर गोळी आणू नये, कारण काही वेदनाशामक औषधांनी रक्तस्रावाची भीती असते. कोणा हितचिंतकाने दिलेला काढाही डॉक्टरांस विचारल्यावाचून देऊ नये.

आपल्याकडे डोक्यास तेल चोळणे ही मायेची रीत आहे. परंतु व्रण पूर्ण भरून डॉक्टरांनी अनुज्ञा देईपर्यंत ती माया आवरावी. वाकून कळशी उचलणे, जड पिशव्या वाहणे, शौचास कुंथणे हे टाळावे. न्हाणीघरात ओली फरशी राहू देऊ नये, भिंतीस धरावयास दांडी बसवावी, शौचासाठी कमोडची खुर्ची आणावी आणि काही दिवस आतून कडी लावू देऊ नये. सूज फार असल्यास काही रुग्णांच्या कवटीचा तुकडा तात्पुरता काढून ठेवतात. तो शीतपेटीत किंवा रुग्णाच्याच पोटाच्या कातडीखाली जपतात आणि पुढे काही आठवड्यांनी अथवा महिन्यांनी परत बसवितात. तोवर त्या बाजूस मेंदूवर हाडाचे संरक्षण नसते. तेव्हा त्या कुशीवर निजवू नये आणि चालविताना सांगितले असेल तर शिरस्त्राण घालावे. आरशात स्वतःचे खोलगट डोके पाहून रुग्ण दचकतो. त्यास आधीच सौम्यपणे कल्पना द्यावी.

अंगाची एक बाजू लुळी असेल तर त्या हातास धरून रुग्णास ओढू नये, खांदा दुखावतो. जो अंथरुणास खिळला आहे त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी, नाहीतर पाठीस जखमा होतात. गिळताना ठसका लागत असेल तर पाणी, चहा यांसारखे पातळ पदार्थ अधिक धोक्याचे असतात, हे आपल्याकडे पुष्कळांस ठाऊक नसते. दाट पेज, मऊ भात, घट्ट वरण यांपैकी काय चालेल हे तज्ज्ञांस विचारावे. ताठ बसवून लहान घास द्यावा आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करू नये. निजलेल्या माणसाच्या तोंडात चमच्याने तीर्थ घालण्याचा आग्रह अशा वेळी देवासही मान्य होणार नाही.

फिट आल्यास रुग्णास कुशीवर करावे, डोक्याखाली मऊ वस्त्र द्यावे, आजूबाजूच्या कठीण वस्तू दूर साराव्यात आणि घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नये; हातपाय दाबून धरू नयेत. कांदा अथवा चप्पल हुंगविण्याची प्रथा निरर्थक आहे. तिने फिट थांबत नाही, माणसाची विटंबना मात्र होते. फिट पाच मिनिटांहून अधिक टिकली किंवा शुद्ध येण्यापूर्वीच दुसरी आली तर विनाविलंब रुग्णालय गाठावे. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार वांती, नेहमीपेक्षा अधिक गुंगी, हातापायांत नवी दुर्बलता, बोलण्यात एकाएकी अडखळ, ताप, मानेचा ताठरपणा, व्रणातून अथवा नाकातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास सकाळ होण्याची वाट पाहू नये. १०८ हा क्रमांक घरातील लहान मुलासही पाठ असावा.

येथवर सांगितलेले कष्ट डोळ्यांस दिसणारे आहेत आणि म्हणून ते पत्करणारी माणसेही मिळतात. खरी परीक्षा पुढे असते. दोन-तीन महिने गेले की केस वाढतात, व्रण झाकला जातो, आणि त्याबरोबर लोकांची अनुकंपाही झाकली जाते. "आता तर अगदी बऱ्या दिसतात," असे म्हणून मंडळी निघून जातात. पण मेंदूला झालेली इजा केसांखाली शिल्लकच असते. आंघोळ आणि न्याहरी एवढ्यानेच दुखणाईत थकून जातो. हा आळस नव्हे. जी कामे पूर्वी आपोआप होत, त्यांसाठी आता मेंदूस हेतुपुरस्सर श्रम करावे लागतात. दोन माणसे एकदम बोलू लागली, दूरदर्शन सुरू झाले, कुकरची शिट्टी वाजली, की त्यास काही सुचेनासे होते. मागच्या वीस वर्षांचे सारे आठवते, सकाळचे आठवत नाही. "अहो, आज वार कोणता?" हा प्रश्न एका सकाळी आम्हांस पाच वेळा विचारला गेला. पाचव्या वेळचे उत्तर पहिल्या वेळच्या स्वरात देता येणे, हीच आमच्या मते शुश्रूषेची कसोटी आहे. पुढे आम्ही भिंतीवर एक फळा लावला आणि त्यावर वार, तिथी, त्या दिवशी येणाऱ्या माणसाचे नाव व औषधांच्या वेळा लिहू लागलो. प्रश्न कमी झाले. त्याहून मोठी गोष्ट अशी की उत्तर स्वतः शोधल्याचे समाधान त्यांना मिळू लागले.

या अदृश्य व्यंगाचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात नमूद आहे. डॉ. चँडी ज्यांच्या हाताखाली माँट्रियल येथे शिकले, त्या डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांनी १९२८ साली आपल्या सख्ख्या बहिणीच्या मेंदूतील गाठ काढली. ती शस्त्रक्रिया करताना मेंदूच्या उजव्या अंगाचा पुढील भाग बराचसा काढावा लागला. बाई बऱ्या झाल्या, बोलू-चालू लागल्या. बाहेरच्या माणसास काही उणे दिसत नसे. वर्ष लोटल्यावर एके दिवशी त्यांनी एक पाहुणा आणि घरची चार माणसे यांच्यासाठी जेवण करण्याचे आनंदाने ठरविले. जेवणाची वेळ झाली तेव्हा त्या स्वयंपाकघरात होत्या, सामानही सारे होते. एक-दोन पदार्थ चुलीवर होते, बाकीचे आरंभलेलेही नव्हते, आणि एकटीने चालविलेल्या दीर्घ खटपटीने त्या गोंधळून व्यथित झाल्या होत्या. वास्तविक प्रत्येक पदार्थ त्यांस येत होता. कोणता आधी, कोणता नंतर ही जुळणी तेवढी साधत नव्हती. कोणी मदतीस येताच सारे जेवण लवकर सिद्ध झाले. १९३५ साली डॉ. पेनफिल्ड यांनी ही हकीकत प्रसिद्ध केली.

भगिनींनो, चार पदार्थ एका वेळी पानात गरम वाढणे ही केवढी बौद्धिक कामगिरी आहे, हे या हकीकतीवरून कळते. रोज निमूटपणे होते म्हणून तिची किंमत आपणांस वाटत नाही. या हकीकतीत उपायही सांगितला आहे. रुग्णाच्या हातातील काम काढून घ्यावयाचे नाही. त्याची जुळणी आपण करून द्यावयाची. आमच्या घरी प्रथम नुसता चहा, तोही पायरीपायरीने कागदावर लिहून, पुढे वरणभात, पुढे एक भाजी, असा क्रम ठेविला. कोशिंबिरीसह पूर्ण पान वाढावयास अकरा महिने लागले. त्या दिवशी भाजीत मीठ अंमळ जास्त होते. आम्ही ती दोनदा मागून घेतली.

बोलणे गेलेल्या रुग्णाचे दुःख आणखी वेगळे. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी अशा एका रुग्णाचे वर्णन केले की ज्यास इतरांचे बोलणे समजे, परंतु स्वतःस "टॅन" एवढेच उच्चारता येई. शब्द गेला म्हणजे समज गेली असे नव्हे, हे प्रत्येक घराने ध्यानी धरावे. त्याच्या देखत त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलू नये. बहिऱ्याशी बोलावे तसे ओरडू नये. "हो" किंवा "नाही" असे उत्तर देता येईल असा प्रश्न विचारावा आणि थांबावे. पुष्कळदा वाक्य उमटत नाही, पण लहानपणीची आरती किंवा अभंग सुरासह ओठांवर येतो. सायंकाळी दिवेलागणीस घरातल्या सर्वांनी मिळून म्हणावे. ती उपासनाही होते आणि वाचेचा सरावही होतो. वाचोपचारतज्ज्ञ मिळत असल्यास त्यांच्याकडे अवश्य न्यावे.

आता पतिपत्नींच्या नात्याविषयी. सेवा करता करता जोडीदार नकळत परिचारक होतो, मग पंतोजी होतो आणि शेवटी दरोगा होतो. "हे करू नका, ते खाऊ नका, आठवत कसे नाही," एवढेच संभाषण उरते. दुखणाइताच्या स्वभावात चिडखोरपणा, रडवेपणा किंवा उदासीनता येऊ शकते. तो पुष्कळदा इजेचा परिणाम असतो, आपल्यावरील राग नसतो. उदासीनता टिकून राहिल्यास तिच्यावरही औषधोपचार आहेत; ते घेण्यात कमीपणा नाही. दिवसातील निदान अर्धा तास औषध, व्यायाम, पथ्य यांचे नावही न काढता उभयतांनी एकत्र बसावे. घरातील निर्णय रुग्णास विचारून घ्यावेत; दिवाळीला कोणाकडे काय पाठवावयाचे एवढे विचारले तरी आपण या घरात अजून कोणीतरी आहोत, हे त्यास कळते. वाहन चालविणे, कामावर परत जाणे, पतिपत्नींचा सहवास, यांविषयी डॉक्टरांस निःसंकोच विचारावे. आपल्या पिढीस तो संकोच फार असतो आणि त्या संकोचाने कित्येक संसार विनाकारण कोरडे होतात.

यापुढील शब्द थोडे कटू वाटल्यास क्षमा असावी. पती आजारी पडला की आपल्याकडे पत्नीच्या सेवेस कोणी सेवा म्हणत नाही, तो तिचा धर्मच समजला जातो. आणि वर "हिच्या पायगुणाने झाले" असे म्हणणारी एखादी जीभही निघते. फुग्यासारखी फुगलेली रक्तवाहिनी पायगुण पाहून फुटत नाही. उलट पत्नी आजारी पडली आणि पतीने तिची वेणी घातली, तिचे कपडे धुतले, तर त्याचे एक तर हसू होते, नाहीतर त्यास संतपद दिले जाते. दोन्ही अनुभव आम्ही घेतले आणि दोन्ही आम्हांस सारखेच नापसंत आहेत. लग्नात "नातिचरामि" म्हणणारा पुरुष असतो. त्या वचनात स्वयंपाकघराचा अपवाद सांगितलेला नाही. बंधुजनहो, वरणभात, पोळ्या आणि औषधांचा तक्ता एवढे प्रत्येक पुरुषास आजच, घरात सर्व निरोगी असताना, आले पाहिजे.

सेवा करणाऱ्याचेही शरीर असते. रात्र रात्र जागून तोही खचतो. त्याचा रक्तदाब, मधुमेह, झोप यांची कोणी विचारपूस करीत नाही. भेटीस येणारा प्रत्येक जण रुग्णास "कसे वाटते?" असे विचारतो, दारापर्यंत पोहोचवावयास आलेल्या माणसास "तुम्ही केव्हा झोपलात?" असे विचारणारा विरळा.

येथे ज्ञातिमंडळाचे काम सुरू होते. आमच्याकडे पहिल्या पंधरा दिवसांत एवढी माणसे आली की चहाची भांडी विसळण्यास माणूस ठेवावे लागले. चौथ्या महिन्यात दाराची घंटा वाजेनाशी झाली. रुग्णास पहिल्या पंधरवड्यात शांतता हवी असते आणि चौथ्या महिन्यात माणसे हवी असतात. आपला शिष्टाचार याच्या नेमका उलट आहे. त्याच सुमारास महिला मंडळातील तीन भगिनींनी आपसांत वार वाटून घेतले. आठवड्यातून तीन दुपारी, प्रत्येकी दोन तास, एक जण येऊन बसे. त्या वाती वळीत, तांदूळ निवडीत, हळू आवाजात बोलत. त्या सहा तासांत आम्ही बाजार केला, बँकेत गेलो, आणि कधी कधी नुसते झोपलो. नारळ आणि फळे पुष्कळांनी आणली, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु ते सहा तास आम्ही जन्मभर विसरणार नाही.

सबब मंडळापुढे आम्ही तीन सूचना ठेवतो. पहिली, असा प्रसंग ज्या घरी येईल तेथे दुसऱ्या महिन्यापासून सहा महिनेपर्यंत पाळीने दोन तास बसणाऱ्या स्वयंसेवकांची यादी मंडळाने करावी. निवृत्त मंडळींनी तीत प्रथम नाव द्यावे. दुसरी, वॉकर, चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची, उशाकडून उचलता येणारी खाट, ही साधने मंडळाच्या कार्यालयात ठेवून गरजूंस विनामूल्य वापरावयास द्यावीत. काम झाल्यावर पुष्कळ घरांत ती माळ्यावर धूळ खात पडलेली असतात, ती परत येतील. तिसरी, ज्यांचे व्यंग कायमचे राहील त्यांस २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळविण्याच्या कामी माहीतगार माणसाने साहाय्य करावे. थकलेल्या जोडीदाराकडून अर्ज आणि हेलपाटे होत नाहीत.

शेवटी आशेविषयी. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, पुढे मंदावते, पण थांबली असे समजू नये. वर्ष-दोन वर्षांनंतरही लहान लहान गोष्टी परत येताना दिसतात. "पूर्वीसारखे केव्हा होणार?" हा प्रश्न मात्र घरातून हद्दपार करावा. काही जण पूर्वीसारखे होतात, पुष्कळ जण होत नाहीत. ते निराळे होतात, आणि त्या निराळ्या माणसाशी नव्याने संसार मांडावा लागतो. गेल्या महिन्यात काय येत नव्हते आणि या महिन्यात काय येते, एवढाच हिशेब वहीत लिहावा. पहिल्या वर्षाच्या वहीतील आमच्या नोंदी अशा आहेत: जिना एकटीने उतरल्या, दूधवाल्याचा हिशेब बरोबर केला, नातवाच्या खोडीवर मनापासून हसल्या. याहून मोठी मिळकत आम्ही आयुष्यात मांडलेली नाही.

 आपल्यापैकी कोणावरही असा प्रसंग न येवो, ही श्रीचरणी प्रार्थना. परंतु आलाच, तर उशाशी बसलेले माणूस एकटे न राहो, एवढे मात्र आपल्या हाती आहे. ते आपण करू या, एवढे सांगून रजा घेतो.